अटलांटाच्या डाउनटाउनशेजारी, जुन्या वस्तीत राहायला येताय?

अटलांटात नोकरी ठरली की ओळखीतून पहिला सल्ला येतो तो उत्तरेकडच्या अल्फारेटा, जॉन्स क्रीक नाहीतर कमिंगला घर बघण्याचा. सल्ला वाईट नाही. तिकडे घरं नवी, शाळा चांगल्या, आणि गणपतीत आरतीला बोलावलं तर आठ-दहा मराठी घरं सहज जमतात. हा लेख मात्र ज्यांना शहरातच राहायचं आहे त्यांच्यासाठी आहे. ज्यांचं काम जॉर्जिया टेक, जॉर्जिया स्टेट, एखादं रुग्णालय किंवा मिडटाउनमधल्या ऑफिसात आहे, ज्यांना पायी हिंडायला आवडतं, आणि शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या लाकडी घरांची ओळ दिसली की ज्यांचे पाय थबकतात.

डाउनटाउनपासून दोन-तीन मैलांच्या आत अशा बऱ्याच वस्त्या आहेत. मी त्यातल्याच एकीत राहते आणि दुसरीकडे जायचा विचारही मनात येत नाही. पण इथे घर घेणं म्हणजे त्या घराची चार पिढ्यांची राहिलेली कामं अंगावर घेणं, आणि शेजाऱ्यांनी पूर्वीपासून चालवलेल्या एका लढ्यात सामील होणं. हे आधी नीट समजून घेतलं तर पुढचं बरंच सोपं जातं.

पहिली पायरी: वस्त्या पायी फिरून बघा

इनमन पार्क हे अटलांटाचं आखून वसवलेलं पहिलं उपनगर. जोएल हर्ट या व्यावसायिकाने १८८०च्या दशकाच्या शेवटी ते उभारलं आणि १८८९मध्ये तिथून डाउनटाउनपर्यंत विजेची ट्राम सुरू केली. वळणदार रस्ते, मोठी व्हिक्टोरियन घरं, रुंद पोर्च. कोका-कोलाचे एसा कँडलर यांचं घरही इथेच होतं. आज या सगळ्या वस्त्यांत हीच सर्वांत महाग.

ग्रँट पार्क आग्नेयेला. लेम्युएल ग्रँट यांनी १८८३मध्ये शहराला बागेसाठी जमीन दिली आणि तिच्याभोवती वस्ती वाढत गेली. रस्त्यांवर क्वीन अ‍ॅन शैलीतली घरं आणि १९१०-२०च्या सुमाराचे क्राफ्ट्समन शैलीतले बंगले एकमेकांना खेटून उभे आहेत. प्राणिसंग्रहालय बागेतच आहे, त्यामुळे जवळच्या गल्ल्यांत सकाळी सिंहाची डरकाळी ऐकू येते. लहान मुलं असतील तर मी आधी इथेच घर बघायला सांगेन.

कॅबेजटाउन ही गिरणी कामगारांची वस्ती. फुल्टन बॅग अँड कॉटन मिल या कापड गिरणीच्या भोवती कामगारांसाठी बांधलेली छोटी घरं, अरुंद गल्ल्या, आणि गाडी लावायला रस्त्याशिवाय जागा नाही. परळ-लालबागच्या चाळीत वाढलेल्याला इथली दाटी आणि ओळखदेख दोन्ही पटकन उमजेल. गिरणी १९७०च्या दशकात बंद पडली. आता त्या इमारतींत लोक राहतात. पलीकडूनच मालगाड्यांचे रूळ जातात, तेव्हा रात्री एकदा तिथे थांबून आवाज ऐका आणि मगच ठरवा.

ओल्ड फोर्थ वॉर्डचं चित्र जरा वेगळं. १९१७च्या मोठ्या आगीत इथली सुमारे तीनशे एकर वस्ती जळाली, म्हणून एकाच रस्त्यावर जुनं घर, नंतरचं घर आणि कालचं अपार्टमेंट शेजारी शेजारी दिसतं. ऑबर्न अ‍ॅव्हेन्यूवर मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर आणि एबेनेझर चर्च आहे, दोन्ही राष्ट्रीय उद्यान सेवेच्या देखरेखीखालच्या परिसरात. तिथे महात्मा गांधींचा पूर्णाकृती पुतळाही आहे. १९९८मध्ये भारताकडून आलेला. किंग १९५९मध्ये भारतात आले होते आणि मुंबईत मणिभवनात राहिले होते. पहिल्या फेरीत तिथे जरूर जा.

नैर्ऋत्येला वेस्ट एंड. मोअरहाउस, स्पेलमन ही कृष्णवर्णीयांची नामवंत महाविद्यालयं जवळ, मार्टाचं, म्हणजे शहराच्या मेट्रोचं, स्टेशन पायी अंतरावर, आणि घरं इनमन पार्कइतकीच देखणी. आपले लोक तिकडे फारसे फिरकत नाहीत, ते बदलायला हवं.

फिरताना वेळा बदला. मंगळवारी सकाळी आठला, शनिवारी रात्री दहाला, आणि जोरदार पाऊस पडून गेल्यावर तासाभरात. शेवटची फेरी सर्वांत महत्त्वाची. इथले जुने नाले ओढ्यांवरच बांधलेले आहेत आणि सखल गल्ल्यांत पाणी साचतं. ओल्ड फोर्थ वॉर्डमधलं तळं असलेलं सुंदर उद्यान मुळात पुराचं पाणी साठवायला बांधलं आहे, यावरून काय ते समजा.

हमरस्ता न झालेली जागा

ही लेखातली पायरी नव्हे, पण हे माहीत नसेल तर पुढे शेजारी इतक्या पोटतिडकीने का बोलतात ते कळणार नाही.

१९६०च्या दशकात राज्य सरकारने इनमन पार्क आणि आसपासच्या वस्त्यांतून हमरस्ता न्यायचं ठरवलं. जमिनी घेतल्या, शेकडो घरं पाडली. उरलेली मोठी घरं तोवर खोल्या-खोल्यांनी भाड्याने दिलेली, पडझडीला आलेली होती. १९६९च्या सुमारास काही तरुण मंडळींनी ती मातीमोल भावात विकत घेऊन दुरुस्त करायला सुरुवात केली, १९७०मध्ये संघटना उभी राहिली, आणि त्यांनी रस्त्याला विरोध केला. जिमी कार्टर गव्हर्नर असताना तो बेत थांबला. गंमत म्हणजे पुढे १९८०च्या दशकात त्यांच्याच ग्रंथालयासाठी म्हणून तो रस्ता पुन्हा पुढे आला, लोक पुन्हा रस्त्यावर उतरले, झाडांना बांधून घेतलं, कोर्टात गेले. १९९१मध्ये तडजोड झाली. आज तिथे अरुंद केलेला पार्कवे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फ्रीडम पार्क आहे. गवतात मध्येच दगडी पायऱ्या दिसतात आणि वर काहीच नसतं. पाडलेल्या घरांच्या त्या पायऱ्या.

दुसरीकडे, ज्यांचा आवाज सरकारदरबारी पोचला नाही त्यांची वस्ती गेली. ऑबर्न अ‍ॅव्हेन्यू हा कृष्णवर्णीयांच्या बँका, विमा कंपन्या, चर्च आणि क्लबांचा रस्ता. हमरस्त्याने तो मधोमध कापला आणि भरभराट ओसरली. आजही त्या पुलाखालून चालताना हे जाणवतं. दोन्ही गोष्टी एकाच शहरातल्या, एकाच काळातल्या आहेत. इथे राहायला येणाऱ्याला दोन्ही ठाऊक हव्यात.

दुसरी पायरी: निदान वर्षभर भाड्याने राहा

मोठ्या व्हिक्टोरियन घरांचे दोन-तीन-चार भाग करून भाड्याने देतात, किंवा मागच्या अंगणातलं कॅरेज हाउस देतात, म्हणजे पूर्वी बग्गी ठेवायची ती जागा. सुरुवातीला असं घर बघा.

करार करण्याआधी मीटर किती आहेत ते विचारा. घराचे भाग नंतर पाडलेले असल्याने वीज, गॅस, पाणी यांतलं काहीतरी सामाईक असतं, आणि अटलांटाची पाणी-सांडपाण्याची बिलं देशातल्या सर्वांत चढ्या बिलांत गणली जातात. हिवाळ्यात गरम करण्याची सोय काय, खिडक्या उघडतात का (रंग बसून चिकटलेल्या असतात), बाथरूममध्ये पंखा आहे का, हे स्वतः हात लावून बघा. गॅसचं कनेक्शन घेताना इथे पाइपलाइन एका कंपनीची आणि गॅस विकणाऱ्या कंपन्या अनेक. दर त्यांच्या त्यांच्या वेगळे, तेव्हा तुलना करा.

जॉर्जियात कायदा पूर्वापार घरमालकाच्या बाजूने झुकलेला. २०२४च्या जुलैपासून थोडा आधार मिळाला आहे: डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि घर राहण्याजोगं असलंच पाहिजे असं कायद्यात आलं आहे. घरात शिरताना भिंतीवरच्या प्रत्येक भेगेचा, पोपडे धरलेल्या रंगाचा, छतावरच्या डागाचा फोटो काढून मालकाला ईमेल करा. जुन्या घरात या गोष्टी असणारच, त्यांची भरपाई तुमच्या डिपॉझिटमधून व्हायला नको.

या वर्षभरात रोजचं गणितही कळेल. इनमन पार्क-रेनल्ड्सटाउन किंवा किंग मेमोरियल स्टेशनवरून मार्टाने फाइव्ह पॉइंट्स काही मिनिटांत येतं, तिथे गाडी बदलली की विमानतळापर्यंत थेट. बेल्टलाइन हा जुन्या रेल्वेमार्गावरचा पायवाटेचा पट्टा. त्यावरून पाँस सिटी मार्केट, क्रॉग स्ट्रीट मार्केट पायी होतं. पण ऑफिस अल्फारेटाला असेल तर मार्टा नॉर्थ स्प्रिंग्जलाच संपते, पुढे गाडीशिवाय गत्यंतर नाही. अशा वेळी मी स्पष्ट सांगते, उत्तरेलाच राहा. किराण्यासाठी मात्र काळजी नको. डिकेटरला पटेल ब्रदर्स आणि डिकॅब फार्मर्स मार्केट आहे. मेथी, कारली, अळूच्या जातीची पानं, ओला नारळ सगळं मिळतं, गाडीने पंधरा-वीस मिनिटं.

तिसरी पायरी: कोणत्या यादीत आहे ते तपासा

जाहिरातीत 'हिस्टॉरिक' लिहिलेलं असतं. त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात आणि विकत घेणाऱ्याने ते दलालावर सोडू नयेत.

एक आहे राष्ट्रीय नोंदवही, म्हणजे नॅशनल रजिस्टर. तो सन्मान आहे. त्या यादीतल्या घराचा मालक स्वतःच्या पैशाने काहीही बदल करू शकतो, घर पाडूही शकतो. व्हर्जिनिया-हायलँड ही सुंदर वस्ती अशी आहे.

दुसरं आहे शहराने घोषित केलेलं ऐतिहासिक क्षेत्र. ग्रँट पार्क, इनमन पार्क, कॅबेजटाउन, वेस्ट एंड, किंग यांच्या घराभोवतीचा भाग ही अशी क्षेत्रं. इथे घराच्या बाहेरच्या, विशेषतः रस्त्यावरून दिसणाऱ्या बदलांसाठी अटलांटा अर्बन डिझाइन कमिशनचं संमतिपत्र लागतं. पोर्चचे खांब, खिडक्या, पुढचं कुंपण, नवा मजला, मागची वाढीव खोली, पाडकाम. घराच्या आत काय करता याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, आणि बाहेरून कोणता रंग लावायचा हेही सहसा ते ठरवत नाहीत. लहान कामं कर्मचारी पातळीवर मंजूर होतात, मोठी कमिशनच्या जाहीर सुनावणीत जातात. नकाशे घेऊन परत परत जावं लागलं तर दोन-तीन महिने सहज निघून जातात, म्हणून कंत्राटदाराला तारीख देण्याआधी संमती हातात घ्या. परवान्याशिवाय काम सुरू केलं तर शहर ते थांबवतं, आणि केलेलं काम उलटं करायला लावू शकतं.

आपल्याकडच्या अनेकांना हे जाचक वाटतं. "घर माझं, खिडकी माझी, मग शहराला काय?" मला हे नियम मनापासून पटतात. ज्या ओळीमुळे तुम्हाला ते घर आवडलं, ती ओळ शेजाऱ्यांनी आपापल्या खिडक्या न बदलल्यामुळेच टिकली. ज्याला हे पटत नाही त्याने दुसरीकडे घर घ्यावं. त्यात कमीपणा काही नाही.

चौथी पायरी: घराच्या पोटात शिरून बघा

इथे वेळ आणि पैसा दोन्ही सढळ हाताने खर्च करा. साधा होम इन्स्पेक्टर पुरत नाही. जुन्या घरांचा अनुभव असलेलाच हवा. तो घराखाली शिरेल तेव्हा तुम्हीही जुने कपडे घालून शिरा.

बहुतेक घरं जमिनीवर थेट बसलेली नाहीत, विटांच्या खांबांवर उभी आहेत, आणि खाली दोन-तीन फूट उंचीची जागा असते, तिला क्रॉलस्पेस म्हणतात. विजेरी घेऊन आत गेलात की जॉर्जियाची लाल माती, वर जाडजूड तुळया, आणि मधल्या काळात कोणीकोणी केलेल्या दुरुस्त्या दिसतात. कुठे विटांचा जुना खांब, कुठे सिमेंटचे ठोकळे, कुठे गाडी उचलायच्या जॅकसारखा लोखंडी टेकू. तुळईला स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टणक लागली तर उत्तम. बिस्किटासारखी आत गेली तर तिथे पाणी मुरलंय किंवा वाळवी लागली आहे. जमिनीवर प्लास्टिकचं जाड आच्छादन आहे का, पावसाचं पाणी आत येऊन ओल धरतेय का, हे बघा. अटलांटात वर्षाला साधारण पन्नास इंच पाऊस पडतो आणि उन्हाळाभर हवा दमट असते, त्यामुळे घराखालची ओल हाच या घरांचा मुख्य आजार.

वाळवी इथे प्रत्येक घराच्या वाट्याला येते. पायाच्या विटांवरून वर चढलेल्या पेन्सिलीएवढ्या मातीच्या नळ्या तिची खूण. वसंतात पंखवाल्या वाळवीचे थवे निघतात. घर विकताना वाळवीचा अहवाल मागायची पद्धत आहे, तो मागाच, आणि चालू 'टर्माइट बाँड', म्हणजे वाळवीसाठी कंपनीशी केलेला करार, तुमच्या नावावर होतो का ते विचारा. बाँड दोन प्रकारचे असतात: एकात वाळवी परत आली तर कंपनी फक्त पुन्हा औषध मारते, दुसऱ्यात खाल्लेलं लाकूडही बदलून देते. दुसराच घ्या.

आत आल्यावर जमिनीवर एक गोटी ठेवा. ती घरंगळत भिंतीकडे जाईल. शंभर वर्षांत घर थोडं बसतंच, नुसत्या उताराला घाबरू नका. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग ताजी आहे का, नुकताच प्लास्टर करून रंग दिलाय का, दारं घासतात का, यावर लक्ष ठेवा. तसं दिसलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. फाउंडेशन दुरुस्त करून देणाऱ्या कंपनीचा मोफत अहवाल आणि स्वतंत्र इंजिनिअरचा पैसे देऊन घेतलेला अहवाल यांत फरक असतो.

मग वायरिंग. १९३०-४०च्या आधीच्या घरात चिनी मातीच्या खुंट्यांवरून ओढलेल्या तारा अजून जिवंत असू शकतात. पोटमाळ्यावर जाऊन बघा. अशा तारा असल्या तर बऱ्याच विमा कंपन्या घराचा विमाच काढत नाहीत, आणि विमा नाही तर कर्ज नाही. म्हणून सौदा पक्का होण्याआधीच विमा कंपनीला फोन करा: वायरिंग, छताचं वय, पाण्याच्या नळ्या या तिन्हींबद्दल विचारून लेखी उत्तर घ्या. विजेवरची गाडी घ्यायचा विचार असेल तर मुख्य पॅनेल किती अँपिअरचं आहे तेही आत्ताच पाहा.

सांडपाण्याची नळी सर्वांत जास्त विसरली जाते. घराच्या हद्दीतली नळी मालकाची जबाबदारी. जुन्या घरांत ती भाजलेल्या मातीची असते आणि ओकच्या मुळांना तिचे सांधे फार आवडतात. प्लंबरकडून आत कॅमेरा घालून घ्या. काही शे डॉलरमध्ये काम होतं. नळी बदलायची वेळ आली तर खर्च हजारांत.

शिशाचा रंग. १९७८च्या आधीच्या प्रत्येक घराला हे लागू आहे. विकणाऱ्याने आणि भाड्याने देणाऱ्यानेही माहिती असेल ती लेखी द्यावी असा केंद्राचा कायदा आहे, आणि विकत घेणाऱ्याला तपासणीसाठी दहा दिवस मिळतात. रंग घट्ट बसलेला असेल तर तो सहसा त्रास देत नाही. धोका असतो तो खिडक्या वर-खाली करताना घासून पडणाऱ्या भुकटीचा आणि दुरुस्तीत उडणाऱ्या धुळीचा. रांगणारं बाळ घरात असेल तर खिडकीच्या चौकटी ओल्या फडक्याने पुसा, डॉक्टरांना रक्तातलं शिसं तपासायला सांगा, आणि खरवडायचं काम शिशाच्या कामाचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

आता खिडक्या, कारण सर्वांत जास्त चुकीचे सल्ले यांच्याबद्दलच मिळतात. घर घेतल्याबरोबर कोणीतरी येऊन सांगेल की जुन्या लाकडी खिडक्या काढा, प्लास्टिकच्या दुहेरी काचेच्या बसवा. घोषित क्षेत्रात ती परवानगी मिळणं अवघड, आणि माझ्या मते गरजही नाही. या खिडक्या जुन्या पाइनच्या गाभ्याच्या लाकडाच्या आहेत, तसं लाकूड आता वखारीत मिळत नाही. चौकटीच्या दोन्ही बाजूंना आत पोकळी असते, तिच्यात सुती दोरीला टांगलेलं लोखंडी वजन असतं. काच वर गेली की वजन खाली येतं. खिडकी वर थांबत नसेल तर बहुतेक वेळा फक्त दोरी तुटलेली असते. बाजूची पट्टी काढा, छोटं झाकण उघडा, वजन बाहेर घ्या, नवी दोरी कप्पीवरून ओवून गाठ मारा. सुतारकामाची थोडी सवय असेल तर सुट्टीच्या दिवशी एक खिडकी होते. फटींना पट्ट्या आणि बाहेरून जादा काच लावली की थंडी-उन्हाळ्यातही भागतं.

पाचवी पायरी: व्यवहार

जॉर्जियात घराचा व्यवहार वकिलामार्फतच पुरा होतो. करारात 'ड्यू डिलिजन्स'ची मुदत असते. त्या दिवसांत कोणतंही कारण न देता मागे फिरता येतं आणि इसार परत मिळतो. बाजार तेजीत असला की दलाल ती मुदत कमी करायला सांगतात. जुन्या घरासाठी निदान दहा दिवस धरा, वर सांगितलेली माणसं बोलवायलाच तेवढे लागतात. जमिनीची नवी मोजणी करून घ्या, कारण जुनी कुंपणं आणि मागच्या बोळांच्या हद्दी कागदाशी जुळतीलच असं नाही. मालकीहक्काचा विमा स्वतःच्या नावाने घ्या.

१ जानेवारीला तुम्ही त्या घरात मालक म्हणून राहत असाल तर त्या वर्षासाठी 'होमस्टेड' करसवलतीचा अर्ज १ एप्रिलपर्यंत काउंटीकडे करा. ही सवलत आपोआप मिळत नाही. शहराचा काही भाग फुल्टन काउंटीत आणि काही डिकॅबमध्ये आहे, तेव्हा आपली काउंटी आधी पाहून घ्या. घराची किंमत काउंटीने फुगवून लावली असं वाटलं तर नोटीस आल्यापासून ४५ दिवसांत अपील करता येतं. आणि मोठी डागडुजी करणार असाल तर राज्याच्या वारसा विभागाशी काम सुरू करण्याआधी बोला. नियमांत बसेल अशी दुरुस्ती केल्यास घराचं करमूल्य साडेआठ वर्षं गोठवण्याची सोय आहे.

फोडणी, मेथी आणि ओकची झाडं

या घरांत स्वयंपाकघराचा धूर बाहेर काढायची सोय बहुधा नसते. शेगडीवरचा पंखा तोच धूर गाळून परत खोलीत सोडतो, आणि जुन्या प्लास्टरच्या भिंती तेल-हिंग-मोहरीचा वास धरून ठेवतात. रोज फोडणी देणाऱ्या घराने धूर थेट बाहेर नेणारा पंखा पहिल्या वर्षीच बसवावा. नळी मागच्या भिंतीतून काढली तर संमतीलाही अडचण येत नाही. भिंतीत खिळा ठोकताना आधी बारीक ड्रिल करा. आत लाकडी पट्ट्यांवर चढवलेलं प्लास्टर आहे, हातोड्याने ते सुटून येतं.

अंगणात कोथिंबीर-मेथी लावायची हौस प्रत्येकाला. माती तपासल्याशिवाय लावू नका. जुन्या घरांभोवती रंगातलं शिसं मातीत उतरलेलं असतं; पश्चिमेच्या इंग्लिश अ‍ॅव्हेन्यू आणि व्हाइन सिटी या वस्त्यांत तर मातीत इतकं शिसं सापडलं की केंद्राच्या पर्यावरण खात्याला अंगणंच्या अंगणं खणून माती बदलावी लागली. जॉर्जिया विद्यापीठाच्या कृषी विस्तार केंद्रातून माती तपासून मिळते. तोवर लाकडी वाफे करून विकतच्या मातीत लावा.

झाडांबद्दल दोन शब्द जास्तच. वस्त्या वसल्या तेव्हा लावलेले वॉटर ओक आता आपल्या आयुष्याच्या शेवटाला आले आहेत आणि वादळात, कधी शांत दुपारीही, उन्मळून पडतात. अंगणात मोठा ओक असेल तर दर एक-दोन वर्षांनी आर्बोरिस्टला, म्हणजे झाडांच्या तज्ज्ञाला, दाखवा. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. छातीच्या उंचीवर सहा इंच जाडीचं झाडही शहराच्या नियमात येतं. तोडावंच लागलं तर दुसरं लावा, आणि वॉटर ओकऐवजी व्हाइट ओक लावा, तो कितीतरी जास्त जगतो.

शेवटची पायरी: पोर्चवर बसा, सभेला जा

दक्षिणेत रस्त्याने जाणाऱ्याला हात दाखवतात, ओळख असो नसो. पोर्चवर बसलेल्या वयस्कर बाईंना "मॅम" म्हणून नमस्कार केला की गप्पा सुरू होतात. अनेक गल्ल्यांत पन्नास-साठ वर्षं राहिलेली कृष्णवर्णीय कुटुंबं आहेत. घरांच्या किमती चढल्या तसा त्यांचा कर वाढला, आणि घर विकत घेऊ म्हणणारी पत्रं, फोन रोज येतात. नव्याने येणाऱ्या आपल्यासारख्यांच्या पैशाने ही चढण आणखी वाढते, हे लक्षात ठेवून वागावं. मोठ्या आवाजाची तक्रार थेट पोलिसांत करण्याआधी दार वाजवून बोलावं. चर्चमुळे रविवारी रस्त्यावर गाड्या लागतात, त्यावर नाराज होऊ नये. ते चर्च तुमच्या घराआधीपासून तिथे असेल.

इनमन पार्कचा उत्सव एप्रिलच्या शेवटच्या शनिवार-रविवारी असतो. मिरवणूक निघते, काही घरं लोकांना आतून बघायला खुली ठेवतात, आणि सगळं काम रहिवासीच करतात. ग्रँट पार्कमध्ये डिसेंबरात घरं बघण्याचा असाच कार्यक्रम होतो. पहिल्याच वर्षी स्वयंसेवक म्हणून नाव द्या. चांगला सुतार, प्रामाणिक प्लंबर, खिडक्या दुरुस्त करणारा कारागीर, ही नावं इंटरनेटवर मिळत नाहीत, तिथे खुर्च्या लावताना मिळतात.

आणि एनपीयूच्या, म्हणजे आपल्या वस्तीच्या नियोजन विभागाच्या (नेबरहुड प्लॅनिंग युनिट), सभेला जा. १९७४मध्ये महापौर मेनार्ड जॅक्सन यांच्या काळात शहराचे असे विभाग पाडले. आज ते २५ आहेत. ग्रँट पार्क 'डब्ल्यू'मध्ये, इनमन पार्क 'एन'मध्ये, ओल्ड फोर्थ वॉर्ड 'एम'मध्ये येतं. दर महिन्याला सभा होते, आणि दारूचा परवाना, बांधकामातली सूट, रस्त्याचं काम यांवर रहिवासी मत देतात. शहर ते मत बंधनकारक मानत नाही, पण अंतिम निर्णयात त्याला वजन असतं. यात मत द्यायला नागरिकत्व लागत नाही. १८ वर्षांवरचा कोणीही रहिवासी, भाडेकरूसुद्धा, व्हिसावर आलेलासुद्धा, मत देऊ शकतो. काही विभागांत आधी एक-दोन सभांना हजर असावं लागतं, म्हणून सामान लागलं की लगेचच जायला लागा. पत्त्याचा पुरावा बरोबर ठेवा. विषयपत्रिका आधी मिळते. तुमच्या गल्लीतल्या एखाद्या घराचा अर्ज त्यात असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी चालत जाऊन ते घर बघून या.